बांधावरील डंखाची मुंगी

बांधावरच्या बाभळीची फांदी तोडावयास गडी चढतो आणि घटकाभराने हात झाडीत, कळवळत खाली उतरतो, हा देखावा सातारा-सांगलीकडील शेतकऱ्यांस नवा नाही. लगेच बुंध्याशी पाचट पेटविले जाते, नाही तर विषारी भुकटी उधळली जाते. या रीतीविषयी दोन शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ही मुंगी सुमारे एक सेंटिमीटर लांब. डोके व पोट काळे, मधला भाग तांबूस. जर्डन या शास्त्रज्ञाने १८५१ साली तिचे प्रथम वर्णन केले. टेट्रापोनेरा रूफोनायग्रा हे तिचे शास्त्रीय नाव तिच्या तांबड्या-काळ्या रंगावरूनच पडले आहे. आंब्याची पाने जोडून घर करणारी तांबडी मुंगी केवळ चावते व त्या जागी आम्ल सोडते. हिला मात्र गांधीलमाशीप्रमाणे नांगी असून ती विष टोचते. ती रांग लावीत नाही. एकेकटी खोडावर हिंडून लहान किडे टिपते. तिचे घर वाळक्या लाकडात, भुंगेऱ्यांनी आधीच पोखरलेल्या भोकांत असते. तेव्हा झाड हिने पोखरले हा आरोप खोटा आहे. खरा चोर निसटतो आणि मागाहून आलेला भाडेकरू शिक्षा भोगतो.

बुंध्याशी जाळ केल्याने साल करपते व सावलीचे झाड हातचे जाते. बीएचसी भुकटीवर तर १९९७ पासून बंदीच आहे. त्यापेक्षा वाळलेल्या फांद्या वेळीच छाटाव्यात. म्हणजे मुंगीचा आसरा आपोआप कमी होतो. झाडावर चढण्यापूर्वी खोड न्याहाळावे, पुऱ्या बाह्यांचा सदरा व हातमोजे घालावेत.

तथापि डंख क्षुल्लक मानू नये, असेही आमचे आग्रहाचे सांगणे आहे. बहुतेकांस आग व सूज एवढ्यावरच भागते. परंतु क्वचित एखाद्यास सर्वांगावर गांधी उठतात, धाप लागते, शुद्ध हरपते. श्रीलंका व थायलंड येथे अशा रोग्यांची नोंद झालेली आहे. अशा वेळी अंगारे-धुपारे अथवा चुना-हळद यांत वेळ न दवडता रोग्यास तडक दवाखान्यात न्यावे. अॅड्रेनॅलिनची सुई हाच तेथे प्राण वाचविणारा उपाय होय.

झाड आपले आणि गडीही आपलाच. मुंगीवरील रागापायी दोहोंपैकी एकही गमावणे शहाण्या शेतकऱ्यास शोभणारे नाही.