आकाशातला तास, जमिनीवरचा दिवस

नांदेड ते नागपूर, विमानाने एक तास! हा आकडा व्यासपीठावरून फेकला की टाळी पडते. टाळीला हरकत नाही. पण कापसाच्या काट्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणाऱ्याने हा तासही एकदा तोलून पाहावा.

दोन्ही विमानतळांमधले सरळ रेषेतले अंतर सुमारे २८० किलोमीटर. उमरखेड, यवतमाळ, वर्धा करत रस्त्याने गेले तर ते साडेतीनशेच्या घरात जाते. जेट विमान उंचावर ताशी ७०० ते ८०० किलोमीटर जाते. या हिशेबाने पंचवीस मिनिटे पुरेत. मग तास कशाला? विमान उंचीला पोचते न पोचते, तोच त्याला उतरावे लागते. चढण्या-उतरण्यात आणि धावपट्टीकडे वळण्यात वेळ जातो. शिवाय वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभे राहीपर्यंतचा असतो. अंतर थोडे, तसा वेगाचा फायदाही थोडा.

आता माणसाचा वेळ मोजू. विमानतळावर तासभर आधी हजर राहायचे, उतरल्यावर बाहेर पडायला अर्धा तास. नांदेड शहरातल्या माणसाला घरापासून मुक्कामापर्यंत तीन तास लागतात. मोटारीने सहा-सात लागले असते. त्याचा फायदा खरा आहे, तो नाकारू नये.

उमरखेडच्या शेतकऱ्याचे काय? नकाशावर नांदेड-नागपूर अशी पट्टी ठेवा, ती उमरखेडजवळूनच जाते. नागपूरला विमानाने जायचे तर या गड्याने आधी सत्तरेक किलोमीटर उलटे नांदेडला जायचे, मग आपल्याच वावरावरून उडत परत यायचे. एसटीची वाट धरून बेरीज केली, तर थेट रस्त्याने लागतो जवळपास तेवढाच वेळ.

भाड्याचे पाहा. २०१६ च्या उडान योजनेत तासाभराच्या प्रवासाला, ठरावीक जागांपुरते, २,५०० रुपयांचे भाडे सुरुवातीला धरले होते. विमान कंपनीची तूट भरून देण्याची सोय केली, राज्यानेही वाटा उचलला. २०२५-२६ च्या ३,६९९ रुपये हमीभावाने त्या २,५०० रुपयांची संकरित ज्वारी होते ६८ किलो. तीही हमीभाव पदरात पडला तर!

कापसाच्या गाठी आणि ज्वारीची पोती काही विमानात बसत नाहीत. त्यांना रूळ हवेत. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा लोहमार्ग याच पट्ट्यातून जायचा. त्यासाठी शेतकऱ्यांची वावरे गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यातला वर्धा ते कळंब एवढा टप्पा सुरू झाला.

विमानाला आमचा विरोध नाही. पण पुढच्या सभेत कोणी ‘एका तासात नागपूर’ म्हणाला, की उभे राहून विचारा : साहेब, हा तास कोणाच्या दारापासून मोजला?