अद्भुताच्या राज्यात खाण कोण खोदते?

अद्भुतरम्य कादंबरीचा विषय निघाला की आपल्या जुन्या कार्यकर्त्यांच्या कपाळावर आठी उमटते. 'पलायनवाद' हा एक शब्द उच्चारला की प्रश्न निकालात निघाला, अशी आपली समजूत आहे. चिखल्यासारख्या खाणीच्या गावात वाचनालयासाठी पुस्तकांची यादी करावयाची झाली, की जादूगार, राक्षस आणि परग्रहवासी यांना बाहेरचा रस्ता दाखवून ती जागा वैचारिक पुस्तकांनी भरावी, असा आग्रह धरला जातो. या आग्रहाला माझा विरोध आहे. ही पुस्तके निर्दोष आहेत असे मात्र मी म्हणत नाही. उलट त्यांपैकी बऱ्याचशा पुस्तकांविषयी माझे मत कठोर आहे. परंतु ते पुस्तके वाचून बनलेले मत आहे, आणि न वाचता दिलेल्या निकालाला मी मत मानीत नाही.

पलायन म्हणावयाचे तर ते कशापासून, हे प्रथम विचारले पाहिजे. भूगर्भात पाळी करून वर आलेल्या तरुणाला घटकाभर दुसऱ्या जगात जावेसे वाटले, तर तो गुन्हा कसा? तुरुंगातून पळू पाहणाऱ्याला आपण भेकड म्हणत नाही. आणि ही ओढ काही परदेशातून आयात झालेली नाही. आपल्या झाडीपट्टीत रात्र रात्र चालणाऱ्या दंडारीत देव, राक्षस आणि सोंगाडे एकाच मांडवात नाचत आले आहेत. मराठी कादंबरीचा इतिहासही हेच सांगतो. बाबा पदमनजींनी १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहून विधवांचे दुःख मांडले. चारच वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली आणि पुढे कितीतरी वर्षे मराठी वाचक राजवाडे, भुयारे आणि योगायोग यांतच रमला. हरिभाऊ आपटे येईपर्यंत वास्तवाला फारसा वाचक मिळाला नाही. याचा दोष एकट्या वाचकाच्या माथी मारणे सोपे आहे. सुधारकांनी त्याला उपदेश दिला आणि अद्भुतकारांनी गोष्ट दिली, हे कबूल करणे अवघड जाते.

साने गुरुजींना हे कळत होते. म्हणून त्यांनी देशोदेशीच्या कथा मराठी मुलांसाठी सांगितल्या. डॉ. लोहियांनाही ते कळत होते. 'राम, कृष्ण आणि शिव' या निबंधात त्यांनी या तिघांना इतिहासाच्या न्यायालयात खेचले नाही. मर्यादित, उन्मुक्त आणि असीम अशी व्यक्तिमत्त्वाची तीन स्वप्ने म्हणून त्यांच्याकडे पाहिले. एखादा समाज कोणती स्वप्ने पाहतो, हा समाजवाद्याच्या आस्थेचा विषय असावयास हवा.

मात्र स्वप्नाचीही झडती घेता येते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून माझा या पुस्तकांना एकच प्रश्न असतो: तुमच्या या राज्यात काम कोण करते? सोन्याचे मनोरे आहेत, जादूच्या तलवारी आहेत. पण धातू कोणी काढला, भट्टी कोणी पेटवली, सैन्याचे धान्य कोणी पिकवले? चिखल्याच्या वाचकाला हा प्रश्न सुचावयास हवा, कारण मॅंगनीजवाचून पोलाद होत नाही आणि पोलादावाचून तलवार होत नाही.

हॅरी पॉटरची गोष्ट घ्या. मराठीतही ती आली आणि पोरांनी तिचा फडशा पाडला. जादूच्या त्या विद्यालयात मुलांपुढे ताटे आपोआप भरतात, असे प्रथम वाटते. चौथ्या भागात उलगडा होतो की स्वयंपाकघरात वेतनावाचून राबणारे गुलाम आहेत. एकटी हर्मायनी त्यांच्या हक्कांसाठी संघटना काढते आणि तिचे मित्रच तिला हसतात. लेखिकेला प्रश्न दिसला, हे तिचे श्रेय. परंतु गुलामांना गुलामीच प्रिय असते असे दाखवून त्या प्रश्नाचा तिने बराचसा विनोद केला, हेही खरे. घरगड्याविषयी असेच बोलणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

आपल्याकडे सध्या पुराणांवर बेतलेल्या कादंबऱ्यांचा सुकाळ आहे. अमीश त्रिपाठी यांच्या २०१० साली सुरू झालेल्या शिवत्रयीने हा बाजार उघडला. तिच्यातील मेलुहा या आदर्श राज्यात जन्मलेली सर्व मुले राज्याच्या स्वाधीन होतात, त्यांचे एकत्र संगोपन होते, पुढे परीक्षा होते आणि गुणानुसार वर्ण ठरतो. वाचकाला वाटते, जातिभेद मिटला. काय मिटले? वारसा मिटला; उतरंड जशीच्या तशी उभी आहे. गुणकर्माधिष्ठित चातुर्वर्ण्याचे हे समर्थन नवे नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली 'जातिसंस्थेचे उच्छेदन' या प्रबंधात आर्यसमाजी सुधारकांना नेमके यावरच उत्तर दिले होते: माणसांना चार कप्प्यांत बसवणे अव्यवहार्य आहे आणि अपायकारकही. जे उत्तर १९३६ मध्ये दिले गेले, ते पंचाहत्तर वर्षांनी लाखो वाचकांना ठाऊकच नसावे, याची लाज कादंबरीकाराला वाटो न वाटो, आपल्याला वाटली पाहिजे. भंडाऱ्यात तर अधिकच. १९५४ च्या पोटनिवडणुकीत याच मतदारसंघातून आपले अशोक मेहता निवडून आले आणि बाबासाहेब पराभूत झाले. तो हिशेब अजून पुरा झालेला नाही. असो. त्रिपाठींच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की, मेलुहाला दीर्घायुष्य देणाऱ्या सोमरसाच्या निर्मितीतील विषारी अवशेष दुसऱ्यांना भोगावे लागतात, हे सत्य ते पुढे लपवीत नाहीत. कारखान्याच्या सांडपाण्याखाली राहणाऱ्या वाचकाला ते प्रकरण समजावून सांगावे लागत नाही.

मराठीतील दोन लेखकांचा उल्लेख टाळता येत नाही. नारायण धारपांची भीती निर्माण करण्याची हातोटी असामान्य होती. पण त्यांच्या 'समर्थ' कथांत संकटग्रस्त माणसे स्वतः काही करीत नाहीत. कोणी सिद्ध पुरुष येतो आणि त्यांना सोडवतो. उद्धारकाची वाट पाहण्याची सवय या देशाला आधीच पुरेशी आहे. जयंत नारळीकरांची गोष्ट निराळी. त्यांनी १९७४ साली टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत कथा पाठवली तेव्हापासून, २०२५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, अंधश्रद्धेविरुद्ध त्यांची लेखणी थकली नाही. हे ऋण मोठे आहे. तरीही 'वामन परत न आला'मध्ये झगडा माणूस आणि यंत्र यांचा आहे. यंत्र कोणाच्या मालकीचे, आणि त्यामुळे कोणाची भाकरी जाते, हा प्रश्न त्यांच्या शास्त्रज्ञ नायकांना क्वचितच पडतो.

तो प्रश्न एच. जी. वेल्सला १८९५ मध्ये पडला होता. 'द टाइम मशीन'मध्ये आठ लाख वर्षांनंतरची पृथ्वी आहे. वर सुंदर, निरुद्योगी इलॉय. खाली काळोखात यंत्रे चालवणारे मॉरलॉक. मालक आणि मजूर यांतील अंतर वाढत वाढत दोन प्राणिजाती झाल्या, असा त्याचा तर्क आहे. आणि खालचे वरच्यांना खातात. वेल्स पुढे फेबियन मंडळात गेला, तेथे भांडलाही. त्याने श्रमिकाला अखेर राक्षसच केले, ही त्याच्या वर्गाची मर्यादा. पण वर्गसंघर्षाचे इतके झोंबणारे चित्र आपल्या कोणत्या पुस्तिकेत आहे?

उर्सुला ले ग्विन ही अमेरिकन लेखिका त्याच्याही पुढे गेली. १९७४ च्या 'द डिस्पझेस्ड' या कादंबरीत मालमत्ता आणि शासन नाकारणाऱ्या बंडखोरांची एका ओसाड ग्रहावर वसाहत आहे. तेथे समता आहे, आणि दुष्काळही. कायदा नाही, पण शेजाऱ्यांच्या मताचा जाच आहे. पद नाही, पण खुर्चीला चिकटलेली माणसे आहेत. आणि स्वातंत्र्य टिकवण्यासाठी ही वसाहत ज्या भांडवलशाही जगापासून फुटून निघाली, त्यालाच खनिजे पाठवीत राहते. कच्चा माल देणाऱ्याचे स्वातंत्र्य किती खरे असते, हे मी वर्गात अनेक वर्षे आकडे मांडून शिकवले. या बाईंनी ते गोष्टीत सांगितले आणि माझ्यापेक्षा बरे सांगितले. आपल्या चळवळीची टीका इतक्या आपुलकीने करणारे पुस्तक आपल्याच मंडळींनी 'काल्पनिक' म्हणून बाजूला सारावे, हे मला समजत नाही.

तेव्हा यादी करणाऱ्या साथींना माझी सूचना अशी: धारप राहू द्या, मेलुहा राहू द्या, त्याच्याशेजारी आंबेडकरांचा तो प्रबंध ठेवा. पुढच्या अभ्यासवर्गात वेल्सची ती छोटी कादंबरी मराठीत सांगा आणि तीवर खाणीतल्या पोरांना आधी बोलू द्या. मॉरलॉक कोण, हे त्यांना वक्त्याने सांगण्याचे कारण नाही. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी याच पानावर उत्तर लिहावे. मात्र ज्या पुस्तकाला यादीतून गाळावयाचे, ते वाचून लिहावे.