मतदाराला घराची अट, उमेदवाराला मोकळं रान

वाचकहो, गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की अर्जांच्या छाननीत पहिल्यांदा काय पाहतात? उमेदवाराचं नाव गावच्या मतदारयादीत आहे की नाही, हे. शेजारच्या गावचा माणूस कितीही शहाणा असो, कितीही पैसेवाला असो, तो आपल्या गावचा पंच होऊ शकत नाही. याचं कुणाला नवल वाटत नाही. ज्याच्या दारावरून गटार वाहत नाही, त्याला गटाराचा वास कसा येणार?

आता खासदारकीचं बघा. तिथे देशातल्या कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असलं की झालं. आमदारकीला राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघात नाव असलं तरी चालतं. गडचिरोलीचा मतदार गोरेगावातून आमदारकीला उभा राहू शकतो, कायद्याची काही हरकत नाही. म्हणजे पंचाला गावाची अट, आणि पंचाच्या वरच्यांना मोकळं रान. हे बरोबर आहे का? मुंबईच्या उपनगरांत हा प्रश्न २०२४ साली चांगलाच तापला होता. आपल्या गावोगावच्या घरांतली एक-दोन माणसं तरी बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, अंधेरीला असतातच. तेव्हा हा प्रश्न त्यांचा तसा आपलाही आहे.

बोरिवलीची तक्रार

उत्तर मुंबईतून गोपाळ शेट्टी २०१४ आणि २०१९ असे दोनदा खासदार झाले. त्याआधी ते तिथले नगरसेवक होते, बोरिवलीचे आमदार होते. २०१९ ला त्यांचं मताधिक्य साडेचार लाखांच्या वर गेलं होतं. तरी २०२४ ला भाजपने तिकीट पीयूष गोयल यांना दिलं. गोयल केंद्रीय मंत्री, तोवर राज्यसभेवर, लोकसभेला प्रथमच उभे. विरोधकांनी त्यांच्यावर 'बाहेरचा' असा शिक्का मारला आणि काँग्रेसने भूषण पाटील यांना 'स्थानिक' म्हणून पुढे केलं. निकाल काय लागला? गोयल ३ लाख ५७ हजारांवर मतांनी निवडून आले.

पुढे विधानसभा आली. बोरिवलीतून २०१४ ला विनोद तावडे आणि २०१९ ला सुनील राणे निवडून आले होते. २०२४ ला तिकीट संजय उपाध्याय यांना मिळालं. तेव्हा मात्र शेट्टींचा बांध फुटला. दर वेळी बाहेरून कुणीतरी आणून बसवायला बोरिवली ही काय धर्मशाळा आहे का, असा त्यांचा सवाल होता. त्यांनी अपक्ष अर्ज भरला, पक्षाने समजूत काढली आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी तो मागे घेतला. उपाध्याय लाखभर मतांच्या फरकाने निवडून आले.

आता म्हणाल, लोकांनीच निवडून दिलं, मग तक्रार कसली? हो, मत लोकांनीच दिलं. पण ते पक्षाला दिलं की माणसाला? ज्या जागेवर एका पक्षाचा पाया एवढा पक्का आहे, तिथे खरी निवड मतदानाच्या दिवशी होत नाही. ती तिकीटवाटपाच्या बैठकीत होते, आणि त्या बैठकीला बोरिवलीचा मतदार नसतो. शेट्टींच्या तक्रारीतलं खरं दुखणं हे आहे. उमेदवाराचं घर कुठे, हा त्यातला वरवरचा भाग.

अंगण वाढत जातं

कायद्याची रचना नीट पाहिली तर तिच्यात एक क्रम दिसतो. ग्रामपंचायतीला गावच्या यादीत नाव हवं. जिल्हा परिषदेला जिल्ह्यातल्या यादीत. मुंबई महापालिकेला मुंबईतल्या कुठल्याही प्रभागात नाव असलं तरी चालतं, मुलुंडचा मतदार दहिसरमधून नगरसेवक होऊ शकतो. विधानसभेला राज्य, लोकसभेला देश. सभागृह जसं मोठं, तसं उमेदवाराचं अंगण मोठं. राज्यसभेला पूर्वी त्या-त्या राज्याचा मतदार असण्याची अट होती. ती २००३ ला काढून टाकली आणि २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला.

यामागचा विचार असा, की पंचाने पाणी, दिवा, रस्ता बघायचा आणि खासदाराने देशाचे कायदे करायचे. कागदावर हे पटतं. पण प्रत्यक्षात माणूस खासदाराकडे कशाला जातो? लोकल गाडीसाठी, झोपडीच्या पुनर्वसनासाठी, रुग्णालयात खाट मिळावी म्हणून. उपनगरात तर हे जास्तच. मुंबई उपनगर जिल्ह्याला जिल्हा परिषद नाही, ग्रामपंचायत नाही. आरे कॉलनीतले पाडे, राष्ट्रीय उद्यानातले पाडे, गोराई-मनोरीची कोळी वस्ती, जुनी गावठाणं, ही सगळी खेडीच, पण त्यांना सरपंच नाही. त्यांचा जवळचा माणूस म्हणजे नगरसेवक. आणि मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपल्यावर पुढची निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाच्या हाती. त्या काळात पाड्यावरच्या बाईने नळाची तक्रार घेऊन जायचं कुणाकडे? आमदाराकडे नाहीतर खासदाराकडे. आणि तो भेटायचा कुठे?

मेनन यांची गोष्ट

हा वाद कालपरवाचा नाही. व्ही. के. कृष्ण मेनन हे मूळचे केरळचे. १९५७ ला ते उत्तर मुंबईतून निवडून आले, १९६२ ला आचार्य कृपलानींना हरवून पुन्हा आले. चीनच्या युद्धानंतर त्यांचं संरक्षणमंत्रिपद गेलं. १९६७ ला ते मुंबईचे नाहीत, हे कारण पुढे करून काँग्रेसने त्यांना तिकीट नाकारलं आणि स. गो. बर्वे यांना दिलं. मेनन अपक्ष उभे राहिले. शिवसेना नुकतीच, जून १९६६ मध्ये, स्थापन झाली होती, तिने मेनन यांच्या विरोधात प्रचार केला. बर्वे निवडून आले, पण थोड्याच दिवसांत वारले. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे यांनी मेनन यांना पुन्हा हरवलं.

या गोष्टीत एक मेख आहे, ती लक्षात घ्या. मेनन मतदारसंघात राहत नाहीत, हा आक्षेप रास्त होता. पण बोलता बोलता तो 'मेनन आपले नाहीत' असा झाला. राहणं वेगळं आणि मूळ वेगळं. उपनगरांत कोळी, ईस्ट इंडियन आणि वारली सोडले तर जवळजवळ सगळेच कुठून ना कुठून आलेले. कुणी कोकणातून, कुणी घाटावरून, कुणी गुजरातेतून, कुणी उत्तरेतून. ४० वर्षं मुलुंडला राहिलेला माणूस तिथला की नाही? तर तिथलाच. 'स्थानिक' या शब्दाआडून कुणी जात आणि भाषा मोजू लागला तर तो प्रश्न घराचा राहत नाही. तेव्हा मागायचंच असेल तर राहणं मागावं, मूळ मागू नये.

घर असून नसल्यासारखं, आणि घर नसून असल्यासारखं

बरं, राहणारा निवडला म्हणजे सगळं झालं, असं आहे का? २००४ ला उत्तर मुंबईत अभिनेते गोविंदा यांनी राम नाईक यांना हरवलं. नाईक तिथून पाच वेळा निवडून आलेले, गोरेगावचे. गोविंदा विरारचे, आणि तेव्हा हा मतदारसंघ वसई-विरारकडेही पसरलेला होता. म्हणजे उमेदवार घरचाच. पण निवडून आल्यावर खासदार भेटत नाहीत ही तक्रार पाच वर्षं चालू राहिली. २००९ ला ते उभेच राहिले नाहीत.

उलट बाजूने पाहा. मधू दंडवते जन्माने अहमदनगरचे, राहणं मुंबईत. पण कोकणातल्या राजापूरने त्यांना १९७१ पासून १९८९ पर्यंत सलग पाच वेळा निवडून दिलं. कोकण रेल्वेसाठी त्यांनी काय केलं ते कोकणी माणसाला सांगायला नको. ते रेल्वेमंत्री झाले, तेव्हाही तो प्रश्न त्यांनी सोडला नाही. तिकडे इंग्लंडात मुंबईच्या दादाभाई नौरोजींना १८९२ ला लंडनमधल्या फिन्सबरीच्या मतदारांनी पार्लमेंटात पाठवलं होतंच. मूळ गाव बघत बसले असते तर हे घडलं असतं का?

आणि राहणं व काम दोन्ही एकत्र आलं की काय होतं, याचं उदाहरण गोरेगावच्या मृणाल गोरे. बायकांबरोबर हंडे घेऊन मोर्चे काढले, म्हणून लोकांनी त्यांना 'पाणीवाली बाई' म्हटलं. १९६१ ला नगरसेवक, १९७२ ला आमदार, १९७७ ला उत्तर मुंबईच्या खासदार. त्यांचा प्रश्न आणि लोकांचा प्रश्न एकाच नळाला येत होता. एकेक पायरी चढत त्या वर गेल्या, वरून कुणी आणून ठेवल्या नाहीत.

कायदा करावा का?

काही जण म्हणतात, अटच घाला. मतदारसंघात राहणाऱ्यालाच उभं राहू द्या. ऐकायला छान वाटतं. पण मुंबईत भाड्याचा फ्लॅट घेऊन दारावर पाटी लावायला पैसेवाल्याला कितीसा वेळ लागतो? मतदार नोंदणीचा १९५० चा कायदाच सांगतो, की नुसतं घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. म्हणजे पळवाट कायद्यालाही ठाऊक आहे. दुसरं, मतदारसंघाच्या हद्दी बदलतात. २००८ ला त्या नव्याने आखल्या गेल्या. रस्त्याच्या अलीकडचा माणूस एका रात्रीत पलीकडचा झाला. त्याचं २० वर्षांचं काम रद्द धरायचं का? अमेरिकेतसुद्धा तिथल्या लोकसभेच्या उमेदवाराला राज्यात राहण्याची अट आहे, मतदारसंघात राहण्याची नाही.

म्हणून आमचं मत असं. ग्रामपंचायतीला आहे ती अट योग्यच आहे, ती तशीच राहावी. लोकसभा-विधानसभेला कायद्याची सक्ती नको. पण कायद्याने सूट दिली म्हणून मतदाराने सूट द्यावी असं कुठे आहे? आणि एक विसंगती तर उघडच आहे. मतदाराला यादीत नाव घालायचं तर त्या मतदारसंघात तो सर्वसाधारणपणे राहत असला पाहिजे. राहण्याची अट मत देणाऱ्याला आहे, मत मागणाऱ्याला नाही! तेव्हा मागणाऱ्याला निदान चार प्रश्न विचारायचा हक्क देणाऱ्याला आहेच.

तुमच्या हातात काय आहे

उमेदवार अर्जासोबत प्रतिज्ञापत्र देतो. त्यात त्याचा पत्ता असतो, आणि कुठल्या मतदारसंघाच्या यादीत, कितव्या क्रमांकावर त्याचं नाव आहे तेही असतं. ते निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीत फलकावर लागतं, आयोगाच्या संकेतस्थळावरही मिळतं. बहुतेक लोक त्यातला मालमत्तेचा आकडा तेवढा वाचतात. पत्ताही वाचा. मुंबईतल्या पोराला फोन करून सांगा, तूही वाच म्हणावं.

मग उमेदवार दारात आला की विचारा. निवडणुकीआधीच्या पाच वर्षांत इथे तुम्ही काय केलंत? निवडून आल्यावर आठवड्यातून कुठल्या वारी, कुठल्या जागी भेटाल? तुम्ही नसाल तेव्हा कागद घेणारा माणूस कोण? आणि पुढल्या खेपेला पक्षाने दुसरीकडे पाठवलं तर इथलं अर्धवट काम कुणाच्या गळ्यात? ज्याला ही उत्तरं देता येतात, त्याचं घर दहा मैलांवर असलं तरी चालेल. ज्याला देता येत नाहीत, तो तुमच्या चाळीत राहत असला तरी उपयोग नाही.

शेवटचं एक, ते पक्षाच्या कार्यकर्त्यांना. सतरंज्या तुम्ही उचलता, घरोघर चिठ्ठ्या तुम्ही वाटता, आणि उमेदवाराचं नाव तुम्हाला टीव्हीवरून कळतं. अर्ज भरायच्या आदल्या रात्री आरडाओरडा करून काही होत नाही, हे बोरिवलीत दिसलं. बोलायचं तर वर्षभर आधी, पक्षाच्या बैठकीत बोला. आणि आपल्या गावच्या वाचकांनीही एक करावं. ज्यांचं नाव गावच्याही यादीत आणि मुंबईच्याही यादीत आहे, त्यांनी एक नाव कमी करून घ्यावं. दोन मतदारसंघांत नाव ठेवायला कायद्याची मनाई आहे. आपलं घर कुठलं हे आपण आधी ठरवलं, तर उमेदवाराला त्याचं घर विचारायला तोंड राहील.