माघारीची कळ

फिरवून सोडवावयाच्या गोल कोड्याची संगणकी आवृत्ती ही मूळ गोळ्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक बोधप्रद आहे, असे मत आमच्या वर्धा जिल्ह्यातील सुशिक्षित कुटुंबांत हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने बोलले जाते. गोळा झिजतो, पडद्यावरचा झिजत नाही. गोळ्यास पैसे पडतात, पडद्यावरचा बहुधा फुकट मिळतो. बुद्धीला चालना तर दोहोंनीही सारखीच, मग हाताला हा भार कशास? मत एवढ्यावरच थांबते तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु त्यापुढे जाऊन असेही म्हटले जाते की, ‘करून शिकणे’ हेच तर वर्धा योजनेचे सार. मूल पडद्यावर बोटाने गोळा फिरविते, म्हणजे ते करूनच शिकते. या दुसऱ्या विधानास आमचा सक्त विरोध आहे, आणि त्याचे कारण भावनेचे नसून गणिताचे आहे.

ज्यांनी हे खेळणे हाताळले नसेल त्यांच्यासाठी त्याची रचना प्रथम सांगितली पाहिजे. रुबिकचा घन आता घरोघरी परिचित आहे. त्याच्या भावंडांपैकी ‘मास्टरबॉल’ नावाचा गोळा घ्या. आर्वी-कारंजाकडील एक संत्रे सोलले असून त्याच्या बरोबर आठ फोडी आहेत अशी कल्पना करा. मग पृथ्वीच्या गोलावर अक्षवृत्ते काढतात त्याप्रमाणे त्यावर तीन आडव्या चिरा द्या. वरपासून खालपर्यंत चार कडी झाली, प्रत्येक कड्यात आठ तुकडे, एकूण ३२. यांतील कोणतेही कडे आडवे फिरते. आणि चारही कडी नीट जुळलेली असतील तर अर्धे संत्रे, म्हणजे लगतच्या चार फोडी, अर्ध्या वळशाने उलटते: वरचे खाली, खालचे वर. हालचालींच्या या एवढ्या दोनच जाती. ध्रुवांजवळचे १६ तुकडे ध्रुवांजवळच राहतात, मधले १६ मध्येच. तरीही प्रत्येक तुकडा निराळा धरला तर नुसते ध्रुवांकडील १६ तुकडे १६ जागांवर मांडण्याचे प्रकार २,०९,२२,७८,९८,८८,००० होतात. वीस लक्ष कोटींहून अधिक.

आता एक अगदी लहान प्रयोग. सर्वांत वरचे कडे एक घर उजवीकडे फिरवा. नंतर चार फोडींचा अर्धा गोल उलटा करा. दोनच पावले झाली. आता परत या. गोळा प्रथमच हाती धरलेले मूल येथे बहुधा चुकते. जे आधी केले तेच आधी फेडावे असे त्यास वाटते. म्हणून ते वरचे कडे एक घर डावीकडे आणते आणि मग अर्धा गोल पुनः उलटते. गोळा मात्र पूर्ववत होत नाही. सदरा आधी आणि कोट नंतर घातला असेल तर काढताना कोट आधी काढावा लागतो, हे त्यास नित्याच्या सवयीने ठाऊक असते. पण ते ज्ञान अंगावरून बोटांत उतरावयास एकदा चुकावे लागते. उलट क्रमाने आणि उलट दिशेने, हा परतीचा नियम बीजगणिताच्या पुस्तकात फार उशिरा भेटतो. गोळा तो पहिल्या बैठकीत शिकवितो.

पडद्यावर काय होते? तेथे कोपऱ्यात ‘अन्डू’ नावाची एक कळ असते. एकदा दाबली की एक पाऊल मागे, दोनदा दाबली की दोन पावले मागे. आपण कोणत्या क्रमाने व कोणत्या दिशेने गेलो हे यंत्र ध्यानात ठेविते. मुलास ध्यानात ठेवण्याचे कारणच उरत नाही. आमच्या नात्यातील एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा असा गोळा फिरवीत असता आम्ही शेजारी बसून पाहत होतो. गोळ्यापेक्षा त्या कळेवरच त्याचे बोट अधिक जात होते. मध्येच विचारले, “आत्ता काय केलेस रे?” तर म्हणाला, “काका, ते कशाला लक्षात ठेवायचं? मागे जाता येतं ना!” यंत्राच्या दृष्टीने त्याचे उत्तर बिनचूक होते.

हानी केवळ स्मरणाची असती तर तीही एक वेळ सोसता आली असती. स्मरणशक्तीचे फाजील स्तोम आपल्या शाळांनी पूर्वीच पुष्कळ माजविले आहे. खरी हानी निराळी आहे. मुलाची ती चूक पुनः एकदा पाहा: कडे उजवीकडे, अर्धा गोल उलटा, कडे डावीकडे, अर्धा गोल पुनः उलटा. या चुकीच्या परतीने गोळ्यात नेमके काय बिघडले हे जो शांतपणे मोजील त्यास आढळेल की, ३२ पैकी २३ तुकडे अगदी जागच्या जागी आहेत. फक्त ९ तुकडे साखळीने एकमेकांच्या जागी सरकले आहेत. हीच चार पावले एकंदर नऊ वेळा केली की गोळा जसाच्या तसा! ज्या कोड्यात कड्याचे प्रत्येक वळण आठ आणि अर्ध्या गोलाचे प्रत्येक वळण सोळा तुकडे हलविते, तेथे थोडके तुकडे हलवून बाकीच्यांस धक्का न लावणारी युक्ती हीच सोडवणुकीची गुरुकिल्ली होय. गणिती लोकांनी अशा चौकडीस ‘कम्यूटेटर’ असे भारदस्त नाव दिले आहे. मुलाच्या हातून ती चूक म्हणून जन्मास येते. कळ दाबून परतणारा कधी चुकीच्या वाटेने परतत नाही, आणि म्हणून त्या वाटेवर काय पडलेले आहे हे त्यास कधी दिसत नाही. ज्या कळेस सोय म्हणून मिरविले जाते ती कोड्याची किल्लीच मुलाच्या हातून काढून घेते, असा आमचा आरोप आहे.

‘सोडवा’ अशीही एक कळ काही आवृत्तींत असते. तिच्याविषयी शाई खर्चण्यात अर्थ नाही. परीक्षेच्या आदल्या रात्रीचे गाइड ज्यांनी पाहिले आहे त्यांच्या ती ओळखीचीच आहे.

आता वर्ध्याच्या नावाकडे वळू. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यास जी शिक्षण परिषद भरली, आणि तीतून डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती निघाली, तिचे म्हणणे असे की, एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाच्या द्वारेच मुलास इतर विषय शिकवावे. गणित आणि टकळी या दोहोंवर ज्यांचे प्रेम होते ते विनोबाही त्या समितीत होते. मुलांकडून सूत काढवून शाळेचा खर्च भागविण्याची ही युक्ती आहे, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला, आणि स्वावलंबनावरील तो भर पाहता आक्षेप अगदीच निराधार होता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु पैशाचा भाग बाजूस ठेवून टकळीवर बसलेल्या मुलाकडे पाहा. पेळूतून सूत ओढताना हात जड पडला की धागा तुटतो. तुटलेला धागा न तुटलेला करण्याची कळ टकळीस नाही. तो सांधावा लागतो, सांधा राहतो, आणि आपला हात कोठे जड पडला ते सांध्यावरून मुलास कळते. चार फुटांची एक तार, अशा ६४० तारांची एक गुंडी, म्हणजे २,५६० फूट सूत: हा गुणाकार पाटीवर चुकला तर पुसता येतो, गुंडीत चुकला तर गुंडीच कमी भरते. वस्तू हातास विरोध करते आणि त्या विरोधाने बुद्धी जागी होते, यावर त्या योजनेची सारी भिस्त होती. मास्टरबॉलची कडी किंचित वाकडी राहिली तर अर्धा गोल वळावयाचे नाव घेत नाही; मुलास थांबून ती जुळवून घ्यावी लागतात. पडद्यावर बोट साधारण त्या बाजूस सरकले की कडे आपोआप घरात बसते. काचेवर बोट फिरविण्याची क्रिया गोळ्यासाठी, वर्तमानपत्रासाठी आणि किराणा मागविण्यासाठी एकच आहे. तिला हस्तव्यवसाय म्हणावयाचे असेल तर पंख्याचे बटण दाबणारासही कारागीर म्हणावे लागेल.

बुडापेस्टच्या कलाशाळेत शिकविणाऱ्या एर्नो रुबिक यांनी १९७४ साली आपला पहिला घन केला तो लाकडाचा. स्वतःच रचलेले ते कोडे विस्कटल्यावर पूर्वस्थितीस आणावयास त्यांस सुमारे महिना लागला. त्या महिन्यात त्यांच्यापाशी माघारीची कळ नव्हती.

यावरून संगणकाशी आमचे वैर आहे असा ग्रह कोणी करून घेऊ नये. सेवाग्रामच्या नावाने यंत्रमात्रास शिव्या घालणारा एक वर्ग आमच्याकडे आहे. तो अशा वेळी आमची पाठ थोपटावयास येतो, त्यास आम्ही नम्रपणे परत पाठवितो. रुबिकचा घन कसाही विस्कटला तरी अधिकांत अधिक २० वळणांत सुटतो, हे २०१० साली सिद्ध झाले ते संगणकाच्याच बळावर. घनाच्या स्थिती ४३ वर १८ शून्ये मांडावी इतक्या. त्या हाताने कोण तपासणार? आणि जो मुलगा या गोळ्याची संगणकी आवृत्ती स्वतः लिहील त्यास आम्ही टकळीवाल्याच्या पंक्तीस आनंदाने पाट मांडू. ३२ जागांस क्रमांक द्यावयाचे, कोणते वळण कोणत्या जागेवरील तुकडा कोठे नेते याचा तक्ता करावयाचा, आणि माघारीची कळ हवी असेल तर उलट क्रम व उलट दिशा हा नियम स्वतःच यंत्रास शिकवावयाचा. तक्त्यात एक अंक चुकला की एकच तुकडा दोन ठिकाणी दिसू लागतो आणि दुसरा नाहीसा होतो. धागा तुटण्याचीच ही जात आहे. मात्र तयार गोळा फिरविणारा आणि गोळा रचणारा यांत जेवणारा आणि स्वयंपाकी यांच्याइतके अंतर आहे, आणि आपल्या घरांत आज जेवणारेच वाढत आहेत.

पडद्याच्या बाजूने आणखी एक मुद्दा पुढे येतो: गोळा उलगडून सपाट दाखविता येतो, त्यामुळे सारे तुकडे एकदम दिसतात. दिसतात खरे. पण गोल वस्तू सपाट केली की ती खोटे बोलू लागते. भिंतीवरच्या नेहमीच्या जगाच्या नकाशात ग्रीनलँड आफ्रिकेच्या तोडीचे दिसते. वस्तुतः आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. तसेच येथे. ध्रुवाशी आठ तुकड्यांची टोके एका बिंदूत मिळतात, हे गोळ्याचे रूप. सपाट पट्टीवर तो बिंदूच ताणला जाऊन रेघ होतो, आणि त्रिकोणी तुकडे चौकोनी होतात. हातात गोळा असला म्हणजे मागची बाजू दिसत नसली तरी बोटांखाली असते, आणि न दिसणारे मनात धरून ठेवावे लागते. भूमितीच्या तासास आपण मुलांकडून मागतो ते याहून निराळे काय?

राहिला खर्च. पडद्यावरचा गोळा फुकट, असे म्हणताना पडद्याची किंमत हिशेबात धरलेली नसते. २०२० साली शाळा बंद पडून फोनवर भरू लागल्या तेव्हा ज्या घरात एकच फोन आणि तोही वडिलांबरोबर शेतावर जाणारा, त्या घरातील मुलांचे काय झाले हे आपण सर्वांनी पाहिले आहे. वर्गाच्या फडताळात ठेवलेला एक गोळा मात्र चाळीस मुलांच्या हातून फिरतो. शिवाय एकाने विस्कटलेला दुसऱ्याच्या हाती आला की पहिल्याची पावले दुसऱ्यास ठाऊक नसतात, विचारावे लागते, भांडावे लागते, “आधी कडे फिरविलेस की आधी अर्धा उलटा केलास?” असा वाद होतो. समुद्रपूर असो की आष्टी, असा वाद मुलांत चाललेला ऐकू आला तर शिक्षकाने त्या दिवशी गणिताचा तास मध्येच थांबवावयास हरकत नाही.

म्हणून शाळांस आणि घरांस आमची सूचना एवढीच की, गोळ्याबरोबर एक साधी वही द्यावी. प्रत्येक वळण तीत एका ओळीत लिहावे: कोणते कडे, किती घरे, कोणत्या बाजूस, अर्धा गोल उलटला असेल तर कोणत्या फोडीपासून. पडद्यावाचून गत्यंतर नसेल तेथेही वही हवीच, आणि माघारीची कळ मुलापासून दूर ठेवावी. तशी सोय त्या आवृत्तीत नसेल तर दुसरी शोधावी. पहिले काही दिवस मुले कंटाळतात, ओळी गाळतात, मग गोळा अडतो. पुढे कोणीतरी वहीचे पान खालून वर वाचू लागतो, आणि ‘उजवीकडे’ असे लिहिले असेल तेथे तोंडाने ‘डावीकडे’ म्हणतो.