अलिबागचे खरे वैभव

मुंबईकराच्या लेखी अलिबाग म्हणजे शनिवार-रविवारची हवापालट, घोडागाडीची रपेट आणि शहाळ्याचे पाणी. त्या निरुपद्रवी सुखाविषयी आमची काहीही तक्रार नाही. तथापि ज्या वाळूवर हा विहार चालतो, तिच्या समोरच कुलाबा किल्ल्याचा तट उभा आहे, आणि लाटेचा मारा फटींत शिरून विरावा म्हणून चुन्यावाचून रचलेले त्याचे प्रचंड चिरे आजही दर्याशी झुंजत आहेत, याची जाणीव किती प्रवाशांना असते? आतील गोड्या पाण्याचे तळे, 1759 साली राघोजी आंग्र्यांनी बांधविलेले गणेशमंदिर, गावातील सरखेल कान्होजी आंग्र्यांची समाधी आणि तुरुंग म्हणून राबलेला हिराकोट ही सारी स्थळे मराठी आरमाराचे जिवंत दप्तरच होत. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येऊ घातल्या, तेव्हा त्यांच्या उपसर्गापासून चुंबकीय मापने निर्वेध राहावीत म्हणून तेथील चुंबकीय वेधशाळा 1904 साली येथे हलविण्यात आली, ही हकीकतही मुलांना सांगण्याजोगी आहे.

ओहोटीस किल्ल्यात पायी जाता येते, परंतु भरती कोणाची वाट पाहत नाही. यास्तव अंमलदारांनी किनाऱ्यावर रोजच्या भरती-ओहोटीच्या वेळांचा फलक, स्थळांची मराठी माहिती आणि केरकचऱ्याचा चोख बंदोबस्त, एवढी तजवीज विनाविलंब करावी. आणि प्रवाशांनी तटाच्या चिऱ्यांवर आपली नावे कोरण्याचा मोह आवरावा.