म्हशीला रमजान कळत नाही

रमजानच्या पहिल्या आठवड्यात वर्गाला ‘आमच्या घरचा सण’ असा निबंधाचा विषय दिला. एका मुलानं रमजानवर लिहिलं. अक्षर नेटकं, वाक्यं घोटीव. खजूर, अत्तर, शिरखुर्मा, गळाभेट, शेजारच्या काकूंकडून आलेलं पुरणपोळीचं ताट आणि शेवटी बंधुभावाचा संदेश. वाचता वाचता चोरी सापडली. लेख माझाच होता. दोन वर्षांपूर्वी याच पानावर छापून आलेला.

रागवायचं तरी कसं? विचारलं, “तुमच्याकडं असंच असतं का रे?”

“नाही सर. पण तुमच्याकडं असतं ना?”

आमच्याकडंही नसतं. शिरखुर्मा खरा आहे. पुरणपोळीचं ताट मात्र मी लेखासाठी मागवलं होतं. शेजारच्या काकू सकाळी आठला कामावर जातात, आमची बोलणी फाटकातच होतात आणि गाडी कुठं लावायची यावरून वर्षातून दोनदा वाजतंही. वाचकांना आवडेल असा एक मुसलमान मी दर रमजानला कागदावर उभा करतो. गोड, सुगंधी, कुणाला टोचणार नाही असा. त्यात खोटं फार नसतं, पण मीही फारसा नसतो.

भाषेचंही तेच. घरात आमची दखनी चालते. ‘नहीं’च्या जागी ‘नक्को’ म्हणणारी, म्हणजे मराठीच्या उंबऱ्यावर बसलेली उर्दू. मुशायऱ्याला गेलो की मी लखनौचा होतो आणि मराठी संमेलनात पुण्याचा. दोन्हीकडं शाबासकी मिळते. ‘अस्सल’ हा शब्द आपण कोल्हापूरकर मिरचीपासून चपलेपर्यंत सगळ्याला लावतो. तो अरबीतून आला आणि इथलाच झाला. आम्ही मात्र अस्सल दिसायच्या नादात दोन्ही भाषांत पाहुणे राहिलो.

त्या रात्री तरावीह आटोपून घरी आलो आणि केसरबाई केरकरांची भैरवी लावली. (रमजानात गाणं ऐकावं का, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. मी ऐकतो.) केसरबाईंचे गुरू उस्ताद अल्लादियाखाँ. जन्म 1855चा, राजस्थानातल्या उणियाऱ्याचा. घरात ध्रुपद-धमाराची परंपरा, चुलते जहांगीरखाँ यांच्याकडं तालीम आणि वर्षानुवर्षांचा रियाज. मग आमलेटा नावाच्या छोट्या संस्थानात राजाच्या हौसेपायी रोज तासन्‌तास गावं लागलं आणि आवाज फुटला. तो जुन्या रूपात पुन्हा आलाच नाही.

गवयाचा आवाज जाणं म्हणजे पैलवानाचा गुडघा जाणं. कोल्हापुरात हे वेगळं सांगायला नको. बरीच माणसं अशा वेळी गेलेलं परत यावं म्हणून उरलेलं आयुष्य घालवतात. खाँसाहेबांनी राहिलेल्या आवाजाला काय काय साधेल, ते शोधलं. लयीच्या अंगानं चालणाऱ्या, वळणावळणाच्या ताना, लांब दमसास, अनवट राग. आज जयपूर-अत्रौली म्हणून जी गायकी ओळखली जाते, ती अशी घडली. शाहू महाराजांनी त्यांना दरबारात ठेवलं, त्यांनी कोल्हापूरला घर मानलं. पुढं त्यांच्या मुलानं, भुर्जीखाँनी, मल्लिकार्जुन मन्सूरांना शिकवलं. आणि केसरबाईंची ती भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत गेली. आता ती सूर्यमालेच्या पार टोकाला निघाली आहे.

जुना आवाज शाबूत राहिला असता तर खाँसाहेब थोर गवई झालेच असते, यात मला शंका नाही. पण चुलत्यांसारखं गाणारे थोर गवई झाले असते. रोज्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशी मलाही तसं काहीतरी जाणवतं. चहा नाही, पान नाही, गप्पांचा उत्साह नाही. मग दुपारी तीनच्या तासाला वर्गात उभा राहणारा माणूस जरा कमी चमकदार, पण ओळखीचा वाटतो.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला सांगितलं, “परत लिही. काल संध्याकाळी काय झालं तेवढंच.”

त्यानं दीड पान आणलं. वर्गात वाचायला लावलं. म्हशीला रमजान कळत नाही, हे पहिलंच वाक्य. सहेरी गिळून होते न होते तोवर गोठ्यात धार काढायची. संध्याकाळी रोजा सोडायची वेळ आणि डेअरीची वेळ एकच. त्यामुळं तो किटली घेऊन दूध संस्थेच्या रांगेत उभा असतो, अजान तिथंच ऐकतो, खिशातला खजूर तोंडात टाकतो आणि दुआ पुटपुटताना अर्धं लक्ष मापाकडं असतं. अल्ला माफ करील, असं त्यानं कंसात लिहिलं होतं. पुढं अम्मीबद्दल एक परिच्छेद होता. तो त्याचा आहे, इथं देत नाही.

वर्ग आधी गप्प होता, मग खदखदून हसला. वारणाकाठची पोरं, निम्म्यांच्या घरी म्हैस. एक मुलगी म्हणाली, “सर, माझ्या आईचा श्रावणी सोमवार रांगेतच सुटतो.”

मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, “फॅट किती लागली?”

वाचणारा कागद खाली न ठेवता म्हणाला, “सहा आठ.”