लिस्बनचा पिंपवाला

राजेरजवाड्यांच्या गोष्टीत तलवार कुणाची नि मुकुट कुणाचा, एवढेच सांगतात. पोर्तुगालच्या एका गोष्टीत मात्र लाकडी पिंपे बांधणारा कारागीर आहे. म्हणून ती आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ऑक्टोबर १३८३ मध्ये राजा फर्नांडो वारला. मुलगा नाही. मुलगी बियात्रिस दहा-अकरा वर्षांची, तिचेही लग्न शेजारच्या कॅस्टिलच्या राजाशी लावून दिलेले. (त्या पोरीला कुणी विचारले असेल काय?) बायकोच्या नावाने कॅस्टिलचा राजा गादी मागू लागला. बरेच बडे सरदार त्याच्याकडे वळले. दुसरे दावेदार फर्नांडोचे सावत्र भाऊ. त्यांतला एक कॅस्टिलच्याच कैदेत. दुसरा जुआंव, बापाचा अनौरस मुलगा.

या जुआंवने ६ डिसेंबरला राणीच्या मर्जीतला सरदार वाड्यात ठार केला आणि मग तो स्वतःच इंग्लंडला निघून जायच्या विचारात पडला! लोकांनी त्याला धरून ठेवले. पण शहरातले पैसेवाले कचरू लागले. तेव्हा आफोंसो आनिश नावाचा पिंपवाला तलवारीवर हात ठेवून उभा राहिला. आमच्याजवळ गमवायला फक्त गळा आहे, तो आम्ही पणाला लावतो. जे मागे हटतील त्यांनीही आपला गळा सांभाळावा, असे त्याने सुनावले. धनिकांनी मुकाट्याने होकार दिला. पुढच्या शतकात फर्नाव लोपिश या बखरकाराने हे नावासकट लिहून ठेवले.

१३८४ मध्ये लिस्बनला वेढा पडला. लोक उपाशी राहिले, पण वेशी उघडल्या नाहीत. अखेर कॅस्टिलच्या छावणीत प्लेग शिरला आणि वेढा उठला.

एप्रिल १३८५ मध्ये कोइंब्रा येथे सभा भरली. तिथे जुआंव दश रेग्रश या वकिलाने एकेका दावेदाराचा हक्क कायद्याने खोडून काढला. फर्नांडोचे लग्नच बेकायदा, म्हणून मुलगी वारस नाही. सावत्र भावाच्या आईचे लग्न झाल्याचा पुरावा नाही. मग गादी रिकामी, आणि रिकामी गादी कुणाला द्यायची ते सभेने ठरवावे! सभेने जुआंवला निवडले. १४ ऑगस्टला अल्जुबारोटा येथे त्याच्या लहानशा फौजेने कॅस्टिलच्या मोठ्या सैन्याचा धुव्वा उडवला.

जमिनी अर्थात सेनापतीला मिळाल्या, त्याही अफाट. कारागिरांना मिळाली चोवीस जणांची सभा: बारा धंदे, प्रत्येकी दोन माणसे. लिस्बनच्या कारभारात तिचा आवाज १८३४ पर्यंत राहिला.